एनोशिमाला सासूबाईंची दुभाषी

नवऱ्याच्या नोकरीमुळे नव्वदच्या दशकातली काही वर्षं आम्ही योकोहामात होतो. सासूबाई पुण्याहून पहिल्यांदा आल्या, तोवर मी वॉर्ड ऑफिसातल्या वर्गाला जाऊन जपानी शिकले होते. म्हणजे दुकानात 'पिशवी नको' एवढं म्हणता यायचं आणि स्टेशनातल्या घोषणांमधले दोनचार शब्द ओळखू यायचे. पुण्याला फोनवर मात्र मी 'भाषेचं आता काही अडत नाही' असं सांगून बसले होते.

चेरी फुलली होती. ह्यांना सुट्टी नव्हती, म्हणून मीच सासूबाईंना एनोशिमा बेट दाखवायला नेलं. गाडीत मी शेजारच्या बाईंशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. त्यांनी माझं जपानी फार छान आहे असं म्हटल्यावर मी ते लगेच भाषांतर करून सासूबाईंना ऐकवलं. ही शाबासकी इथे नुसतं 'कोन्निचिवा', म्हणजे नमस्कार, म्हणणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला मिळते, हे सांगायचं राहून गेलं.

किनाऱ्यापासून बेटापर्यंत लांब पूल आहे. त्यावरून चालताना कर्ण्यातून सारखी एक सूचना येत होती.

"काय म्हणतायत गं?" सासूबाईंनी विचारलं.

'सावध राहा' एवढं कळलं. पुढचा शब्द होता 'तोम्बी'. वर्गात 'तोबु' म्हणजे उडी मारणं असं शिकवलेलं. मी बेधडक सांगितलं, "समुद्रात उडी मारू नका म्हणतायत, आई."

"या वयात मी कशाला उडी मारतेय?" त्या म्हणाल्या. थोडं पुढे गेल्यावर एका पाटीपाशी थांबल्या. "यावर तर पक्ष्याचं चित्र आहे."

"इथे सगळ्या पाट्यांवर अशीच चित्रं असतात. पोलीस चौकीवरसुद्धा."

पायऱ्या चढून आम्ही वर मोकळ्या जागी पोचलो. चेरीखाली बाक होता, समोर समुद्र, आणि पलीकडे चक्क फुजी दिसत होता. सासूबाईंनी डबा उघडला. पहाटे उठून केलेल्या दशम्या, वर लसणीची चटणी. त्यांनी घास तोंडाशी नेला आणि माझ्या कानाजवळून काहीतरी सूं करत गेलं. दशमी गायब! भली मोठी घार ती पायात धरून समुद्रावर निघाली होती.

मी किंचाळून बाकाखाली बसले. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. बोटावर ओरखडा आला होता, तो बघत म्हणाल्या, "तोम्बी म्हणजे हीच का?"

मी बाकाखालूनच घार परत येतेय का ते बघत होते.

शेजारच्या टपरीवरची म्हातारी ओला रुमाल आणि औषधाची पट्टी घेऊन धावत आली. मी बाहेर येऊन आठवत आठवत एक लांबलचक सभ्य वाक्य जुळवलं. तिनं ते ऐकून घेतलं, मान हलवली आणि सासूबाईंशी बोलायला लागली. सासूबाई मराठीतून सांगत होत्या, "अहो, काही नाही झालं, नखच लागलं जरासं." ती जपानीतून काहीतरी म्हणत होती, आकाशाकडे बोट दाखवून घारीला शिव्या घालत असावी. सासूबाईंनी तिला दशमी दिली. चटणीनं तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तिनं दुसरी मागितली. मग तिनं टपरीवरून वाफाळते मांजू, म्हणजे उकडलेले मऊ गोड पाव, आणले.

"अगं, आत पुरण आहे!" सासूबाई म्हणाल्या.

"पुरण नाही आई, लाल चवळीसारखं एक कडधान्य असतं, त्याचं..."

"तेच ते." दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मी फोटो काढायच्या कामाला लागले.

रात्री जेवताना ह्यांनी विचारलं, "काय आई, हिच्या जपानीनं तारलं ना?"

मी आमटी आणायला उठले.

"छान झाली सहल," सासूबाई म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात परत जाईन म्हणते. मला नुसती गाडीत बसवून द्या, पुढचं मी बघेन."

आणि खरंच गेल्या.