मळ्याची शाळा मोडली तेव्हा

आमचा मळा दोन गावांच्या शिवेवर आहे. आमच्या गावाच्या, डिंगोऱ्याच्या बाजूने उसातून आत शिरलं की आमची भावकीची सात-आठ घरं लागतात, आणि बांधापलीकडे पडीक रानात डोंगरातून खाली उतरलेल्या माणसांची वस्ती. वर त्यांची भाताची खाचरं आहेत, पण त्यावर वर्ष निघत नाही. म्हणून ती खाली मजुरीला आली आणि इथेच राहिली. मळ्यातली आणि वस्तीतली मुलं एकाच शाळेत जायची. दोन खोल्या, एक गुरुजी, चौथीपर्यंत. माझी मुलगी दुसरीत होती. तिच्याशेजारी पट्टीवर वस्तीतली एक मुलगी बसायची. त्या मुलीची आई आमच्याकडे कांदे लावायला यायची आणि मला वैनी म्हणायची.

हळूहळू ज्यांना परवडलं त्यांनी आपली मुलं इंग्रजी शाळेत घातली. पट उतरला. तालुक्याचे साहेब येऊन सांगून गेले की पुढच्या जूनपासून मळ्याची शाळा बंद. मुलं जवळच्या शाळेत जातील. कुठल्या, ते गावांनी आपसात ठरवून कळवावं.

ते ठरवायला देवळासमोर ग्रामसभा बसली. मला वाटलं होतं, आमचं गाव सगळीच मुलं मागून घेईल. गावच्या शाळेतही दुसऱ्या शिक्षकाची जागा जाते की राहते अशीच गत होती. पण सभेत पहिल्यांदा बोलले ते माझे थोरले दीर. गावात त्यांच्या शब्दाला वजन आहे.

"मळ्याची पोरं आपली," ते म्हणाले. "वस्तीचं काय ते पल्याडच्या गावानं बघावं."

सरपंच म्हणाले, "पण भाऊ, शीव ओढ्याला लागते. वस्ती तर ओढ्याच्या अल्याड हाये."

"शिवेचं सोडा. ती पोरं आठ दिस येत्यात, महिनाभर गायब. आपल्या पोरांचं लई नुकसान व्हतं."

माना डोलल्या. नुकसान म्हणजे काय, ते कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. मागे पाराला टेकून ती उभी होती, कांदे लावणारी. तिथूनच बोलली.

"आमी मत कुठं टाकतो? तुमच्याच गावात ना? मत चालतं, मग लेकरू का चालत न्हाई?"

कुणीतरी हसलं. मी बायकांमध्ये बसले होते, तिथून उठले. म्हणाले, मुली एका वर्गात बसतात, त्यांना कशाला तोडता? दिरांनी मान न वळवताच सांगितलं, "घरी बोलू."

घरी दिरांनी पुढे दोन महिने माझ्या हातचा चहा घेतला नाही.

पल्याडच्या गावालाही एकटी वस्ती नको होती. त्यांना मळाही हवा होता, म्हणजे शेतकऱ्यांची, रोज येणारी मुलं. त्यांच्या तरण्या पोरांनी आमच्या मळ्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टर आडवा लावला. शिवीगाळ झाली, एकाचं डोकं फुटलं. दोन्ही गावांत सोयरीक असलेली घरं एकमेकांच्या दारी जाईनाशी झाली. अखेर साहेबांनी मिटवलं. मळा आमच्या गावाला, वस्ती पल्याडला. म्हणजे सभेत ठरलं होतं तेच.

पल्याडच्या शाळेची वाट ओढ्यातून आणि मग दोन्ही बाजूंनी उसातून जाते. आमच्याकडे उसात बिबट्या असतो, त्यात नवल नाही. त्यामुळे मुलांना एकटं धाडता येईना. ती कांदे लावणारीच रोज काठी घेऊन मुलांना सोडायला जायची, संध्याकाळी आणायला जायची. वाटेत मोठ्यानं बोलायचं, गाणी म्हणायची, असं तिनं मुलांना शिकवलं होतं. सकाळी आमच्या ओट्यावरून ती गाणी ऐकू यायची. दिवसाचा मधला तुकडाच तिला कामाला उरायचा आणि अर्ध्या दिवसाला कुणी बाई लावत नाही.

गणपतीनंतर एका सकाळी जनावर त्यांच्या पुढ्यातूनच वाट ओलांडून गेलं. कुणाला काही केलं नाही. शेवटचं लेकरू मात्र तिथेच खाली बसलं, उठेचना. तिनं त्याला पाठीवर घेऊन परत आणलं. त्या दिवसापासून वस्तीतलं एकही मूल शाळेत गेलं नाही. वनखात्याचा पिंजरा आला, त्यात कुणाचं तरी कुत्रं अडकलं.

मी गावच्या शाळेत जाऊन मोठ्या गुरुजींना भेटले. ते भले गृहस्थ. म्हणाले, "एका मुलीचं नाव मी घालून घेतो. तुमच्या घरी राहते म्हणून सांगा." मी आनंदाने वस्तीवर गेले. ती चुलीपुढे बसली होती. सगळं ऐकून घेतलं.

"एकटी माझीच?" तिनं विचारलं.

"आत्ता तरी."

"आन बाकीची? काल-परवापातुर त्यांना घेऊन मी उसातनं चालले. आज माझी तेवढी उचलून तुमच्या घरात ठिवू? न्हाई वैनी. त्यांच्या आयांना काय तोंड दावू?"

मी तिला समजावत राहिले. ती भाकरी थापत राहिली.

दसऱ्याआधी वस्तीने ठरवलं आणि सगळी मुलं वर डोंगरातल्या आश्रमशाळेत घातली. जीप आली तेव्हा तिची मुलगी रडली नाही. आईच रडली. दिवाळीला मुलं परतली, तेव्हा माझी मुलगी करंज्या घेऊन धावत गेली आणि लगेच माघारी आली. म्हणाली, "आई, ती बोलतच नाही." केस बारीक कापलेले, अंगावर खरूज, आणि कुणी हाक मारली की अंग चोरणं. सुट्टी संपल्यावर आईने तिला परत धाडलं नाही.

पल्याडच्या शाळेचा पट वस्तीच्या मुलांवरच टिकला होता. ती गेल्यावर तिथली शिक्षकाची एक जागा गेली. आमच्या गावच्या शाळेत मळ्यातली मुलं आली खरी, पण दिरांनी वर्ष संपायच्या आत आपले दोन्ही नातू ओतूरच्या इंग्रजी शाळेत घातले. पिवळी गाडी त्यांना दारातून नेते. त्यांचं बघून आणखी तीन घरांनी तेच केलं. सभेत ज्या मुलांसाठी भांडण झालं, त्यातली आता गावच्या शाळेत माझी मुलगी आणि एक चुलत पुतण्या, एवढीच.

परवा कांद्याच्या लागणीला ती आली, मुलीला बरोबर घेऊन. मुलगी आईच्या बरोबरीने वाफ्यात बसून रोपं लावत होती, हात चांगला बसला होता. शेजारीच रोपं लावता लावता मी विचारलं, "आश्रमशाळेत राहिली असती तर शिकली नसती का गं?"

"शिकली असती," ती म्हणाली. "पर माझी राह्यली नसती."

मुलीने मान वर केली नाही. दीर बांधावरून ओरडले, रोपं दाट लावू नका. आम्ही दोघीही पुन्हा तिच्याशेजारी खाली वाकलो.