शांतम्माच्या पत्र्यावरचं बॅनर

शांतम्मानं लातूरच्या एका डाळ मिलमध्ये अकरा वर्षं झाडू मारला, डाळ निवडली, पोती शिवली. आणि एका सप्टेंबरच्या तीन तारखेला उजवा हात पट्ट्यात घालवला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं जागेवरच गेली. सरकारी फॉर्मवर एवढंच लिहायला जागा असते. म्हणून मी जरा लांब लिहिणार आहे. कुणाला घाई असेल तर त्यानं उठावं.

बाई निलंग्याच्या पलीकडची, सीमेवरची. घरात कानडी, बाजारात मराठी, राग आला की दोन्ही. नवरा वारल्यावर लातूरला आली. मिलमध्ये चाळणीखालची जागा झाडायची तर मशीन बंद करत नाहीत, माल थांबतो म्हणून. चालत्या पट्ट्याखाली झाडू घालायचा. झाडू गेला तर शेठ दुसरा देतो.

शेठचं नाव शिवप्पाशेठ. त्यानं तिला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, खर्च केला, डोळ्यांत पाणीही आणलं. आणि केसपेपरवर लिहवून घेतलं, ‘घरी कडबाकुट्टी यंत्रात हात सापडला.’ शांतम्माला वाचता येत नाही. तीन महिन्यांनी तिनं तो कागद माझ्यापुढं धरला तेव्हा मी मोठ्यानं वाचून दाखवला.

“कडबा?” ती म्हणाली. “माझ्या घरात शेळी न्हाई, भाऊ. कडबा कुणासाठी कापू? शेठसाठी?”

आम्ही हसलो. तिथंच चुकलो. तो दिवस हसायचा नव्हता, वकील गाठायचा होता. समोरचा माणूस खोटा कागद तयार करून ठेवतो, तेव्हा त्यानं कोर्टाची तयारी आधीच सुरू केलेली असते.

पण मी वकिलाकडं कशाला जाऊ? मी सातवी नापास, लोकांचे अर्ज लिहून देणारा, कायदा कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर शिकलेला. शांतम्माचं दिव्यांग प्रमाणपत्र मीच काढून दिलं, अकरा महिने साहेबांच्या टेबलावर हात आपटून. मला वाटलं, प्रमाणपत्र अर्जानं निघालं तर भरपाईही अर्जानंच निघेल. मग अर्ज, स्मरणपत्र, निवेदन, पुन्हा अर्ज. प्रत्येकावर आवकचा गोल शिक्का. असे सात शिक्के जमवले. ती फाईल काखेत घेऊन मी गावभर फिरायचो.

इकडं शेठनं शांतम्माला राखीनं बांधून ठेवलं. अपघातानंतरच्या वर्षी तिला मिलच्या ऑफिसात बोलावलं, खुर्ची दिली, कानडीत बोलला. “शांतम्मा, आजपासून मी तुझा अण्णा.” तिनं डाव्या हातानं राखी बांधली आणि गाठ दातांनी ओढली. फोटो निघाले. बाजार समितीच्या निवडणुकीची हवा सुरू झाली होती, चार दिवसांत चौकात बॅनर लागलं. शेठचं तोंड दिसलं की मी रागानं मान फिरवायचो.

त्यानंतर केसचं नाव काढलं की बाई माझ्यावरच यायची.

“अण्णावर केस करू व्हय? राखी बांधलेल्या मनगटात बेड्या घालू?”

“अगं बाई, बेड्या न्हाईत. भरपाईचा दावा हाय.”

“कोर्टाची पायरी एकच असती.”

राखी बांधली की भाऊ ओवाळणी टाकतो. या भावानं तारखा टाकल्या. दिवाळीनंतर मिटवू. संक्रांतीनंतर बसू. निवडणूक होऊ दे. निवडणूक झाली, शेठ पडला, तरी मिटवणं होईना.

दुसरी राखी ऑगस्टच्या तीस तारखेला आली, बुधवारी. त्या सकाळी टपरीवर मनतशा भेटली. वाजिद टेलरची लेक, नवी वकील. मी मोठ्या तोऱ्यात फाईल तिच्यापुढं टाकली. तिनं शेवटच्या पानापर्यंत चाळली.

“काका, दावा कुठाय?”

“हे काय मग? सात हायत!”

“हे अर्ज हायत. तुमच्या शिक्क्यांनी मुदत थांबत न्हाई. अपघातापासून दोन वर्षांच्या आत कोर्टात दावा दाखल व्हावा लागतो. येत्या रविवारी दोन वर्षं होतायत. त्यानंतर उशीर का झाला म्हणून जजपुढं हात जोडत बसायचं. कायकू बैठे इत्ते दिन?”

“वकील लोक गरिबाला खातात म्हणून!”

“बाईला विधी सेवा प्राधिकरणातून फुकट वकील मिळतो.” तिनं रस्त्यापलीकडं बोट केलं. “पाटी लावलीय ती बघा. रोज तिच्यासमोर चहा पिऊन राहिले तुम्ही.”

मी पाटी वाचली. चहा तसाच ठेवला. अर्ज लिहिण्याच्या पंचवीस वर्षांत मला इतकं कुणी झोडलं नव्हतं, आणि या पोरीनं आवाजही चढवला नव्हता.

आम्ही दोघं शांतम्माच्या घरी गेलो. ती धुतलेलं लुगडं नेसून, हातात राखी घेऊन मिलकडंच निघाली होती. रविवारची मुदत ऐकली तरी हलेना. “आज अण्णा कायतरी सांगतो म्हणालाय.” मी ओरडलो. लई ओरडलो.

“ओरडू नका, भाऊ. तुमच्या ओरडण्यानं बोटं उगवत न्हाईत.”

मनतशानं मला बाजूला सारलं. “मावशी, तुम्ही जावा. फक्त राखी बांधायच्या आधी एक ओवाळणी मागा. म्हणा, अण्णा, हात मिलमध्ये गेला एवढं लिहून द्या. बाकी काही नको. आमचं नाव काढू नका, रविवारचं तर न्हाईच.”

तासाभरानं शांतम्मा परत आली. राखी तशीच मुठीत. उंबऱ्यावर बसली, पाणी प्यायली.

“काय म्हणाला?”

“म्हणाला, सोमवारी ये. सोमवारी बसून लिहू.” तिनं तांब्या खाली ठेवला. “मी त्याला तारीख सांगितली न्हाई. त्याला पाठ हाय.”

शेवटी तिनंच विचारलं, “कुठं अंगठा करायचा?”

“अंगठा नंतर,” मनतशा म्हणाली. “आधी मला सांगा, तुम्ही मिलच्या कामगार होतात याला कागद काय? हजेरीत नाव?”

“न्हाई.”

“पगाराची चिठ्ठी?”

“पाकिटात घालून द्यायचे.”

केसपेपरवर तर कडबाकुट्टी. मी डोकं धरून बसलो. शांतम्मा वर बघत होती. तिच्या घराचा पत्रा गळतो. निवडणूक झाल्यावर मिलमध्ये पडलेलं एक बॅनर तिनं मागून आणलं होतं आणि पत्र्यावर उलटं अंथरून विटा ठेवल्या होत्या.

“त्या बॅनरवर माझा फोटो हाय,” ती म्हणाली. “त्याच्यावर काय लिवलंय, मला कुणी वाचूनच दाखवलं न्हाई.”

मी शिडी लावली, विटा खाली फेकल्या, बॅनर अंगणात ओढलं आणि उलटं केलं. शेठ हसतोय, शांतम्मा दातांनी गाठ ओढतेय. खाली लाल अक्षरांत: ‘आमच्या मिलमध्ये सेवा बजावताना हात गमावलेल्या कामगार भगिनी शांतम्मा यांच्या पाठीशी खंबीर उभे असलेले भाऊ शिवप्पाशेठ.’ वर मिलचं नाव, कोपऱ्यात तारीख.

अख्खा पावसाळा हा कबुलीजबाब या बाईच्या डोक्यावर होता. त्याच्याखाली बसून मी तिला अर्जांच्या गोष्टी सांगितल्या होत्या.

दावा शुक्रवारी दाखल झाला. निकाल अजून लागायचाय. शेठचा वकील म्हणतो, बॅनर कार्यकर्त्यांनी परस्पर छापलं. म्हणू दे. कार्यकर्त्यांनाही बोलावू.

बॅनर मनतशाच्या कपाटात गुंडाळून ठेवलंय आणि शांतम्माचा पत्रा धो धो गळतोय. मी नवं प्लास्टिक आणतो म्हणालो, तर म्हणे, घमेलं हाय ठेवायला. दावा दाखल झाल्यावर पंधरा दिवसांनी शेठचा माणूस तिच्या दारात आला, कोऱ्या ताडपत्रीची गुंडाळी घेऊन. “अण्णानं पाठवलीय. म्हणाले, बहिणीच्या घरात पाणी नको.”

शांतम्मानं गुंडाळी हातात घेतली, घरात गेली, ती न बांधलेली राखी आणून तिच्यात खोचली आणि गुंडाळी त्याच्या हातात परत दिली.

“अण्णाला सांग,” ती म्हणाली, “सोमवारी येऊन बांधते.”