टोपवाल्या माईंची वेबसाइट

माईंच्या दुकानाला दोन दारं होती. पुढचं रस्त्यावर उघडायचं, मागचं एका अरुंद बोळात. पुढच्या दारावर 'केसांचे टोप करून मिळतील' अशी पाटी होती, पण त्या दाराने फारसं कोणी येत नसे. गिऱ्हाईक यायचं ते बोळातून, डोक्याला रुमाल घट्ट बांधून, उंबऱ्याशी जरा घुटमळून. बाई पहिल्यांदाच आली आहे हे माईंना तिच्या पावलांवरून कळायचं. मग त्या दार उघडायला उठत नसत. आतूनच म्हणत, "उघडंच आहे, या. माझ्याशिवाय इथं कोणी नाही."

माईंचे वडील नाटकांसाठी टोप करायचे. राजाचा, म्हातारीचा, टकल्या सावकाराचा. शाळेतून आल्या की माई त्यांच्या शेजारी बसून केस विंचरून द्यायच्या, लांबी पाहून जुड्या लावायच्या. वडील गेले, नाटकंही आटली, आणि माईंच्या हाती उरली पाच लाकडी डोकी, बारीक आकड्याच्या चार सुया आणि बोटांना लागलेली सवय. लग्न केलं नव्हतं. पुढे काय, हा प्रश्न होताच. तेवढ्यात जवळच्या रुग्णालयातल्या एका सिस्टरने त्यांच्याकडे एका बाईला पाठवलं. उपचारांनी तिचे सगळे केस गेले होते. माईंनी पाच आठवडे खपून तिला टोप करून दिला. आरशात पाहून ती बाई म्हणाली, "अगदी माझ्यासारखी दिसते हो मी." त्यानंतर अठरा वर्षं ती सिस्टर गिऱ्हाईक पाठवत राहिली आणि माई जाळीच्या एकेका भोकातून दोन-दोन केस ओढून गाठी मारत राहिल्या.

माईंची कामाची एक पद्धत होती. पहिल्या दिवशी त्या गिऱ्हाइकाच्या उघड्या डोक्याचा फोटो काढत आणि टोप बसवल्यावर दुसरा. कपाळावरची केसांची रेघ कुठे होती, कान किती झाकले जायचे, हे ताडून पाहायला ते फोटो लागत. दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ते साठवलेले असत. कोणाला दाखवायचे नाहीत हे इतकं उघड होतं, की त्यांनी ते कधी बोलूनही दाखवलं नव्हतं.

मग सिस्टर निवृत्त झाली आणि बोळातली पावलं कमी झाली. एके दिवशी एक बाई आली, कपाळावर लाल वळ उठलेला. कुठून तरी तयार टोप आणला होता, त्याचं इलॅस्टिक तिच्या कातडीत रुतलं होतं. माईंनी मलम लावून दिलं. बाई म्हणाली, "तुम्ही इथे आहात हे मला कोणी सांगितलंच नाही."

ते वाक्य माईंच्या मनातून जाईना. त्यांचा धाकटा भाऊ रोज चहाला दुकानात यायचा. त्याच्यापाशी त्यांनी विषय काढला. तो म्हणाला, "ताई, आता लोक पाट्या वाचत नाहीत. फोनवर शोधतात. वेबसाइट कर. माझ्या ओळखीत एक कंपनी आहे, पंधरा दिवसांत करून देतात."

कंपनीचा माणूस आला. टाय लावलेला, बोलायला गोड. रंग कोणता आवडतो विचारलं, नाव कुठल्या अक्षरात हवं विचारलं. इथे कोण येतं, हे मात्र त्याने विचारलं नाही, आणि माईंनाही सांगावंसं सुचलं नाही. जाताना म्हणाला, "तुमच्या कामाचे फोटो लागतील. जितके जास्त तितके बरे." माईंच्या मनात लाकडी डोक्यांवरच्या टोपांचे फोटो होते. भावाने कॉम्प्युटरमधून फोटोंचा अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन देऊन टाकला. माई शेजारीच उभ्या होत्या.

दोन आठवड्यांनी टायवाला फोन नाचवत आला. "पाहा माई, झाली तयार." वर फुलं, खाली एक हसणारी परकी बाई, तिच्याखाली दुकानाचं नाव. मग त्याच्या अंगठ्याने सगळं भराभर वर सरकवलं. माईंचा चष्मा पलीकडच्या टेबलावर होता. उठून तो आणायचा कंटाळा त्यांनी केला आणि म्हणाल्या, "छान."

ते "छान" त्यांना पुढे जन्मभर टोचत राहिलं.

माईंच्या गिऱ्हाइकांत एक मास्तरीणबाई होत्या, मोठ्या मुलांना गणित शिकवणाऱ्या. आजार उलटून आला होता, दुसऱ्यांदा उपचार चालू होते, तरी शाळा सोडली नव्हती. टोप धुवायला आणायच्या तेव्हा तासभर बसून गप्पा मारायच्या. "पोरं माझ्या डोक्यावर मिरे वाटतात, माई," असं एकदा म्हणाल्या, "पण टोप काही हलत नाही. मानलं तुम्हाला." घरी त्यांचे म्हातारे वडील होते. बाईंच्या आई याच आजाराने गेल्या होत्या आणि ते सगळं वडिलांनी एकट्याने काढलं होतं. म्हणून बाईंनी त्यांना यातलं काहीच कळू दिलं नव्हतं. उपचाराच्या दिवशी त्या शाळेचं काम आहे सांगून बाहेर पडत आणि परत येताना वाटेत थांबून, टोप नीट बसवून, मगच घरात शिरत.

वेबसाइट सुरू होऊन दहा दिवस झाले असतील. भर दुपारी दुकानाचं पुढचं दार उघडलं आणि मास्तरीणबाई आत आल्या. डोक्यावर काही नव्हतं. टोप हातात होता. तो त्यांनी माईंच्या टेबलावर, सुयांच्या शेजारी ठेवला.

"एका मुलाच्या आईने माझा फोटो पाहिला," त्या म्हणाल्या. "तुमच्या वेबसाइटवर. आधीचा एक फोटो, नंतरचा एक. मधे रेघ आहे, ती बोटाने ओढली की केस येतात आणि जातात. तिने तो दुसऱ्यांना पाठवला. संध्याकाळी शेजारणीने बाबांसमोर धरला. तुमची लेक ना ही, म्हणाली."

"मला माहीत नव्हतं की ते लोक असं..."

"मी सांगणार होते त्यांना," मास्तरीणबाई म्हणाल्या. "जरा सावरले की सांगणार होते. काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची, सगळं ठरवलं होतं."

"चूक त्या कंपनीची..."

"फोटो तुमच्यापाशी होता, माई."

त्यांचा आवाज चढला नाही. एवढं बोलून त्या आल्या त्याच दाराने गेल्या.

त्या दिवशी माईंनी चष्मा लावून वेबसाइट पहिल्यांदा नीट पाहिली. तिच्यावर सहा बायका होत्या. सहाही जणी बोळातून आल्या होत्या.

कंपनीला फोन लावला तर टायवाला नोकरी सोडून गेला होता. जो बोलला तो म्हणाला, बदल हवा असेल तर विनंती पाठवा, नंबराने घेऊ. भाऊ तिथे जाऊन भांडून आला. तेव्हा कळलं की वेबसाइटचं नाव कंपनीच्या नावावर घेतलेलं आहे, पासवर्ड कंपनीकडे आहेत आणि माईंच्या हातात पाटी सोडून काहीच नाही. उरलेल्या पाचही जणींना माईंनी स्वतः कळवलं. एकजण म्हणाली, जाऊ द्या, मी आता बरी आहे. दोघी रडल्या. एकीने फोन ठेवून दिला. पाचवी बाई चार महिन्यांपूर्वीच गेली होती. तिच्या नवऱ्याने शांतपणे विचारलं, "तो फोटो मला मिळेल का? शेवटी शेवटी तिने काढूच दिला नाही." माईंनी होय म्हणून फोन ठेवला.

भाऊ चहाला यायचा बंद झाला. त्याला तोंड दाखवायची लाज वाटत होती. माईंनीही बोलावलं नाही.

साइट बंद करून देईल असा माणूस शोधायला त्या एकट्याच निघाल्या. तिघांना भेटल्या आणि तिघांना एकच विचारलं: "हे फोटो पुसता येतील का?" पहिला म्हणाला, "हो, एका झटक्यात." दुसऱ्याने आपण केलेल्या चाळीस वेबसाइट दाखवल्या आणि म्हणाला, "नामोनिशाण राहणार नाही, माझी गॅरंटी." तिसऱ्याचं नाव निवृत्त सिस्टरने सुचवलं होतं. टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत तो एकटाच काम करायचा. चाळिशी उलटलेला, कमी बोलणारा. प्रश्न ऐकून त्याने थोडा विचार केला.

"पूर्ण नाही," तो म्हणाला. "साइट बंद करता येईल. शोधल्यावर फोटो दिसतात तेही बरंचसं थांबवता येईल, वेळ लागेल. पण लोकांनी आपापल्या फोनमध्ये जे घेतलंय, त्यापर्यंत माझा हात पोचत नाही. सगळं पुसेन असं सांगितलं तर मी खोटं बोललो असं होईल."

माईंनी काम त्याला दिलं.

साइट ज्यांच्या यंत्रांवर ठेवली होती त्यांना त्याने लिहिलं, फोटो कोणाचे आणि परवानगी कशी नव्हती ते कळवलं, आणि तिसऱ्या दिवशी ती बंद झाली. एकूण तीन आठवडे ती जगासमोर होती. माईंना वाटलं, संपलं, आता पुन्हा या वाटेला जायचं नाही. पण तो म्हणाला, "तुम्हाला जिने शोधायचं ती अजून शोधतेच आहे. निर्णय तुमचा. घाई नाही."

दोन महिन्यांनी माईंनी त्याला बोलावलं.

तो दोन दिवस दुकानात येऊन बसला. त्या दोन्ही दिवशी माईंनी गिऱ्हाईक घेतलं नव्हतं. गाठ कशी मारतात ते त्याने पाहिलं, बोळातून तीनदा चालत आला, आणि पहिल्यांदा येणारी बाई काय काय विचारते ते सगळं लिहून घेतलं. वेबसाइटचं नाव माईंच्या नावावर घेतलं. पासवर्ड त्यांच्याच हाताने त्यांच्या वहीत लिहायला लावले. मजकूर माई सांगत गेल्या, तो लिहीत गेला.

"इथे 'सर्वोत्तम टोप' असं काही घालू का?"

"नको. पाच आठवडे लागतात ते घाला. नाहीतर बिचारी केस सगळे गेल्यावर येते आणि मग महिनाभर रुमालात बसते."

"आणखी?"

"मागच्या दाराने कसं यायचं ते घाला. अक्षर मोठं ठेवा. औषधांनी डोळ्यांना फार त्रास होतो त्यांच्या."

एकही चेहरा त्यात नव्हता. लाकडी डोक्यांवरचे टोप आणि माईंचे हात, एवढेच फोटो. फोटो काढण्याआधी लेखी विचारलं जाईल आणि काम झाल्यावर तो तुमच्यासमोर पुसला जाईल, असं पहिल्याच पानावर लिहिलं होतं. तयार झाल्यावर त्याने फोन माईंच्या हातात दिला, चष्मा लावायला सांगितलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायला लावलं. पाऊण तास लागला. दोन ठिकाणी माईंनी शब्द बदलायला लावले.

वेबसाइट चालली. लांबलांबून फोन येऊ लागले, इतके की माईंनी हाताशी दोन बायका घेतल्या आणि त्यांना गाठ शिकवली. सिस्टर भेटली की म्हणायची, "माई, नाव काढलंत." माई विषय बदलायच्या.

मास्तरीणबाईंना त्यांनी दोन पत्रं लिहिली होती. उत्तर आलं नाही. एकदा घरापर्यंत जाऊन, दारावरची घंटा न वाजवता परत आल्या. मग उन्हाळ्याच्या तोंडाशी सिस्टरकडूनच कळलं की बाई गेल्या.

महिन्याभराने माई त्या घरी गेल्या. वडिलांनी दार उघडलं. वाकलेले, दाढी वाढलेली. माईंनी आपण कोण ते सांगितलं. ते क्षणभर दारातच थांबले, मग बाजूला झाले. "बसा."

खोलीत एक पलंग होता, गादी गुंडाळून ठेवलेली. खिडकीत गणिताच्या वह्यांचा गठ्ठा, शाळेने अजून नेला नव्हता.

"ती तुमचं नाव काढायची नाही," ते म्हणाले. "रागावली होती. शेवटपर्यंत होती. तुमच्यापासून कशाला लपवू."

माईंनी मान हलवली.

"मला मात्र सात महिने मिळाले. औषधं मी द्यायचो, वह्या ती वाचून दाखवायची आणि मार्कांचे आकडे मी मांडायचो. नाहीतर ती रोज माझ्यासमोर नटूनथटून चहा पिऊन गेली असती, आणि एक दिवस मला शाळेतून फोन आला असता. पण ते तिच्या तोंडून कळायला हवं होतं. शेजारणीच्या नाही. आम्ही दोघं त्यावर कधी नीट बोललोच नाही."

"माझी चूक होती ती," माई म्हणाल्या.

"हो," ते म्हणाले.

माई लगेच उठल्या नाहीत आणि त्यांनीही उठवलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे आली की बोलायची का ती?"

"पुष्कळ. तुमच्याबद्दलच जास्त. तुम्ही रोज सकाळी तिच्या चपला पुसून दारात सरळ करून ठेवता, आणि ती ओरडते तरी ऐकत नाही, म्हणायची."

म्हाताऱ्याने तोंड खिडकीकडे वळवलं.

माई दुकानात परतल्या तेव्हा भाऊ पायरीवर बसला होता. आठ महिन्यांत पहिल्यांदाच आला होता. सिस्टरने त्याला सांगितलं असावं. माईंनी कुलूप उघडलं, तो मागोमाग आत आला, नेहमीच्या स्टुलावर बसला.

"भेटून आलीस?"

"आले."

"काय म्हणाले?"

"माझी चूक होती म्हटलं, तर हो म्हणाले."

भावाने मान खाली घातली. माईंनी चहाचं आधण ठेवलं, दोघांपुरतं. तीन वाजता मागच्या दाराने एक बाई येणार होती, वेबसाइट पाहून, पहिल्यांदाच. तोवर त्याला जायला सांगावं लागणार होतं.