हात वर करताना सांगा

डॉक्टरांनी पडदा ओढायला हात वर केला आणि मी त्यांचं मनगट धरून पिरगाळलं. माझ्या आजाराचं निदान झालं ते असं. नर्स किंचाळली. डॉक्टर मात्र शांतपणे म्हणाले, "आता कळलं. सोडा बरं, हळूच."

दहाएक वर्षं झाली असतील. मी गेलो होतो हृदय तपासायला. आधी छाती धडधडायची, मग कान तापायचे, तळहाताला घाम सुटायचा, आणि पुढच्या क्षणी समोरचा माणूस आडवा झालेला असायचा. कोल्हापुरात उद्यमनगरच्या फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, माझं नाव 'भडका' पडलं होतं. आमच्या गल्लीचं निदान तयार होतं: उष्णता! त्यावर मी वर्षभर सब्जा, गुलकंद आणि रोज संध्याकाळी कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध असा उपचार केला. भडका तसाच राहिला, पोट तेवढं सुटलं.

मग एका सकाळी माझ्या बायकोनं, शोभानं, साखरेचा डबा काढायला माझ्या डोक्यावरच्या फळीकडं हात नेला. क्षणात तिचं मनगट माझ्या मुठीत होतं. संध्याकाळपर्यंत ते टम्म सुजलं. तिला तिसरा महिना होता. ती कागलला माहेरी निघाली. दारात म्हणाली, "पोराला तुमच्या हातात द्यायचं का न्हाय, ते मी बगून ठरवणार."

गल्लीत मी सांगितलं, पहिलं बाळंतपण माहेरीच असतंय की. शेजारच्या आक्का म्हणाल्या, "तिसऱ्याच म्हैन्यात? कागलात हत्तीण बाळंत हुणार हाय व्हय रं?" मी हसलो. घरात येऊन कडी लावली.

ईसीजी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, चांगला आला. रक्तही चांगलं. आणि मग तो पडदा. डॉक्टरांनी मनगट चोळत विचारलं, "लहानपणी घरात कोण मारायचं?"

"आबा," मी वडिलांबद्दल छाती फुगवून सांगितलं. "पट्ट्यानं, व्हाणंनं. म्हणून तर असा टणक झालो."

"मारण्याआधी ओरडायचे?"

"न्हाय. आबा बोलायचंच न्हाईत. नुसता हात वर जायचा."

बोललो आणि माझी नजर त्या पडद्याकडं गेली.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. स्ट्रेस रिस्पॉन्स म्हणजे संकट दिसताच शरीर करतं ती तयारी. ॲड्रेनलिन नावाचं द्रव्य रक्तात उतरतं, ठोके वाढतात, हातपाय मारायला नाहीतर पळायला सज्ज होतात. रोज मार खाल्लेल्या काही पोरांची ही तयारी मोठेपणीही उतरत नाही. साध्या हालचालीत त्यांना मार दिसतो. सगळ्यांचं तसं होत नाही, आणि ज्यांचं होतं ते सगळे हात उचलत नाहीत. "तुम्ही स्वतःला रागीट समजता," ते म्हणाले, "पण तुम्ही घाबरता. आणि एक लक्षात ठेवा. बायकोचं मनगट तुम्ही सुजवलंत, आबांनी नाही."

त्यापेक्षा हृदयाला भोक सांगितलं असतं तर चाललं असतं! तालमीत वाढलेल्या गड्याला कोल्हापुरात भित्रा म्हणायचं? तणतणत बाहेर पडलो आणि थेट कागलची एसटी धरली. शोभा बाहेर आली नाही. सासऱ्यांनी कप पुढं केला. "पावणं, च्या घ्या आन् जावा."

परत डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी चिठ्ठी देऊन मानसोपचार विभागात पाठवलं.

मानसोपचाराच्या बाकावर मी तोंडाला रुमाल लावून बसायचो. फौंड्रीतला एक दोस्त दिसला तेव्हा घाईनं म्हणालो, "पेशंटला बगायला आलतो." तो म्हणाला, "मी बी." मग आतून दोघांचीही नावं पुकारली.

शिकवलं होतं ते एवढंच. कान तापले की थांबायचं, लांब श्वास सोडायचा, आणि मोठ्यानं म्हणायचं, मला भीती वाटतेय. श्वास जमला. पहिल्यांदा फौंड्रीत भांडणाच्या ऐन मध्यावर सोडला, तर समोरच्याला वाटलं मी बैलासारखा फुसफुसून अंगावर येतोय. तो भट्टीमागं पळाला. पण भीतीचं वाक्य? ते काही ओठांबाहेर पडेना.

मुलगी झाली. बारशाला बोलावणं नव्हतं. त्यानंतर आलं.

घराच्या पुढच्या सोप्यात सासरे, मेहुणा, सासूबाई, सगळे बसलेले.  शोभानं पोरगी माझ्या मांडीवर ठेवली आणि माझ्या डोक्यावरच्या खुंटीवरचं दुपटं काढायला हात वर केला. माझ्याकडं बघतच केला.

छाती धडाडली. कान पेटले. हात पोरीखाली, तळवे घामानं ओले. बोटं आवळली जातायत हे मला कळत होतं. शोभाचा हात तसाच वर. मेहुणा अर्धा उठला.

"शोभे," मी म्हणालो, आवाज पार चिरकला, "मला भ्या वाटतंय."

बोटं सैल झाली. सासरे छताकडं बघू लागले. जावयानं असं बोललेलं त्या घरानं कधी ऐकलं नसावं. शोभानं हात सावकाश खाली आणला, दुपटं पोरीवर घातलं आणि आईला म्हणाली, "ह्यांचं बी ताट वाढ."

आज पोरगी शाळेत जाते. बरा झालो का? धडधड अजून येते, बराच वेळ थांबते, जाते. ज्यांची छाती अशी उगाच धडाडते त्यांनी आधी हृदय तपासून घ्यावं, आणि ते चांगलं निघालं तर मानसोपचाराच्या बाकावर बसायला लाजू नये. रुमालाचा काही उपयोग होत नाही.

परवा पोरीच्या बाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, "हुशार आहे, पण उत्तर द्यायचं झालं की आधी सगळ्या वर्गाला सांगते, 'हात वर करते हं', आणि मगच करते. हे कुठून शिकली?"

"घरात," मी म्हणालो. "आईकडून."