मामूनं काठ्या लावल्या तेव्हा

साठ साल अजून यायचं होतं. मिरकरवाड्याच्या बंदरावर बोटीत चढताना बाबा एवढंच म्हणाले, "मामूच्या शब्दाबाहेर जाऊ नको." आई रडत होती आणि रडता रडता बंदरभर सांगत होती, "माझा पोर कतारला हॉकी खेळायला चाललाय." तिला तसं मीच सांगून ठेवलेलं.

मामू तिकडं कतारात दुखानला तेल कंपनीच्या वर्कशॉपात फोरमन. कंपनीचा हॉकीचा संघ त्याच्याच हातात. रेतीवर तेल ओतून, रूळ फिरवून केलेलं मैदान. पडलं की गुडघा काळा न् लाल एकदमच. नव्या पोरांत कोण चांगला, ते साहेब मामूला विचारायचा. मामूला लिहिता येत नव्हतं. तो आमच्या काठ्या मागून घेई आणि रेतीवर ओळीनं लावी. सगळ्यात चांगल्याची काठी गोलपोस्टाजवळ, मग त्याच्याहून कमी, मग त्याच्याहून. पहिल्या तिघांना संघ आणि कॅम्पात सावलीतलं काम. बाकीचे खलास, वाळवंटात पाईपलाईनवर.

त्या पोरांत सगळ्यात जास्त गोल माझे. हे मी आजही छाती ठोकून सांगतो. मामूनं माझी काठी शेवटी ठेवली.

गोव्याचा एक फुलबॅक ओरडला, "क्या रे, मामू सगा है या सौतेला?" सगळे हसले. मी काठी उचलून खाली मानेनं निघालो. मामू मागून आला.

"आपल्या माणसाला पुढं कसं करू? लग्नात घरची पोरं शेवटच्या पंगतीला बसतात ना?"

"शेवटच्या पंगतीला जेवण तरी मिळतं, मामू."

मी पाईपलाईनवर गेलो.

पहिल्या रजेवर घरी आलो तर आईनं मला गावभर खेळाडू करून ठेवलेलं. तोंड दाखवायची लाज वाटत होती. मशिदीमागच्या पोरांनी घेरलं, "आमच्यात कोण पहिला, बघून सांगा." माडाच्या पिड्यांच्या, झावळीच्या जाड देठांच्या काठ्या त्यांच्या. त्यांत माझा धाकटा भाऊ अन्वर. खेळत तो एकटाच होता, बाकीचे नुसते धावत होते. माणसं जमलेली असताना मी मोठ्यानं सांगितलं, "पहिला अन्वर." हट्टानंच. दुखानपर्यंत ऐकू जावं असं.

कोणी हसलंसुद्धा नाही. बाबांनी शेजाऱ्यांसमोर मान खाली घातली. अन्वर वाटेत माझ्यापुढं चालत राहिला. घराच्या पायरीवर म्हणाला, "भाय, लोकांदेखत घरच्यालाच पहिला? लाज नाही वाटली तुला?"

वाटली. खोटं एक अक्षर बोललो नव्हतो, तरी वाटली. अजून वाटते.

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या इकडे आलेल्यांनो, अशा वेळी तुमचं काय होतं मला ठाऊक नाही. इथं कतारात अल मन्सूराला नात शाळेतून येते आणि इंग्लिशमधून सांगते, क्लासात मीच बेस्ट. सगळे टाळ्या वाजवतात. मीही वाजवतो. मग हळूच उठतो आणि शेजाऱ्यांना ऐकू जायला नको म्हणून दार लोटून घेतो. पोरं हसतात. हसू देत. तेवढं दार लोटेपर्यंत मी गावी, आपल्या घरी असतो.