हळदीची जुनी फाइल

पवनारहून रोज सकाळच्या बसने सिंदी मेघेला येणाऱ्या आमच्या डिझायनर ताईंमुळे मी आज या ऑफिसात आहे. हे आधीच लिहून टाकते. पुढचं सांगताना काही ठिकाणी मला लाज वाटेल, एखादी गोष्ट मी गाळूनही टाकीन, पण एवढं एक वाक्य राहून जायला नको.

ऑफिस म्हणजे हळद, तिखट आणि तूरडाळ पाकिटात भरून विकणाऱ्या एका लहानशा कंपनीचं. खाली पॅकिंगचं शेड, वर दोन खोल्या. मी आधी खालची. पाकिटांची तोंडं मशीनवर बंद करायचं काम करत होते. एकदा नमुन्याची पाकिटं द्यायला वर गेले, तर तिथे सर्वांची शोधाशोध चाललेली. मागच्या दिवाळीचं पोस्टर सापडत नव्हतं. मी म्हटलं, पितळी ताट आणि शेजारी हळकुंडं असलेलं का? ते लाल पेनड्राइव्हमध्ये आहे, मागे मी आले तेव्हा तुम्ही त्यातूनच लावलं होतं. निघालं तिथेच. महिन्याभरात जाहिरात-विक्री बघणाऱ्या सरांनी मला वर बोलावून घेतलं. फाइली सांभाळायला.

माझं घर भामरागडच्या बाजूला. निघालं तर सगळा दिवस बसमध्ये जातो, दोनदा गाडी बदलावी लागते. घरी आमची बोली वेगळी, मराठी मी आश्रमशाळेत शिकले. आठवीनंतर आई आजारी पडली, तिच्याजवळ थांबले, मग पुन्हा शाळेत गेलेच नाही. मराठी मला नीट वाचता येतं, लिहिता येतं. इंग्रजीचं मात्र एकेक अक्षर जुळवावं लागायचं, आणि जुळवेपर्यंत समोरचा माणूस बघत राहायचा. हे मी वर आल्यावर कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा खाली पाठवतील, आणि एकदा वरून खाली आलेल्या बाईशी शेडमध्येही कुणी नीट बोलत नाही, असं मला वाटायचं. शेडमध्ये माणसं कमी करायचं चालूच होतं. तिथूनही काढलं तर मग घर.

‘मार्केटिंग टीम’ हे नाव मोठं होतं. माणसं पाच. सर, ताई, दुकानं फिरणारे दोघे भाऊ आणि मी. फाइली मात्र शेकड्यांनी, आणि त्यांना एक असं घर नव्हतं. काही ताईंच्या कॉम्प्युटरवर, काही सरांच्या लॅपटॉपमध्ये, काही त्या दोघा भावांच्या मोबाइलमध्ये, उरलेल्या व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर. ताई लेबल तयार करून ग्रुपवर टाकायच्या. सरांनी खाली अंगठा दिला की ते मंजूर. मग दुपारी सरांना आठवायचं की पत्ता जरा मोठा हवा. पुन्हा लेबल, पुन्हा अंगठा. कॉम्प्युटरवर एकाखाली एक फायनल, फायनल न्यू, फायनल लास्ट.

“आपल्या ऑफिसात फायनल म्हणजे सुरुवात असते वो,” त्यातले मोठे भाऊ म्हणायचे.

सगळे हसायचे. मीही हसायचे. मी ती नावं वाचतच नव्हते. मी चित्रं बघायचे. ताट, हळकुंड, लाल मिरच्यांचा ढीग. कुणी काही मागितलं की चित्र डोळ्यांपुढे यायचं आणि हात तिथे जायचा. लोक म्हणायचे, हिची आठवण भारी आहे. मी तेवढं ऐकलं की लगेच विषय बदलायचे.

हळदीच्या पाकिटावर वरच्या कोपऱ्यात एक छोटं हिरवं पान होतं, आणि त्याखाली ‘सेंद्रिय’ असा शब्द. त्या वर्षी त्याचं प्रमाणपत्र नव्याने मिळालं नाही, म्हणून पान आणि शब्द दोन्ही काढायचं ठरलं. ताईंनी नवं लेबल केलं, सरांनी अंगठा दिला. दुसऱ्या दिवशी ताई रजेवर होत्या, आणि नेमका त्याच दिवशी छापखान्यातून फोन आला, हळदीची फाइल पाठवा, मशीन रिकामं आहे. मी फोल्डर उघडला. सहा पिवळी पाकिटं, एकसारखी. चित्र एवढं बारीक की कोपऱ्यातलं पान दिसायचं काही कारणच नव्हतं. फाइल उघडून बघायला हवी होती. पण ती जड फाइल आमच्या कॉम्प्युटरवर उघडायला फार वेळ घ्यायची, फोनवर माणूस ताटकळत होता, आणि त्याने नाव विचारलं तर मला वाचून सांगावं लागलं असतं. मी माझ्या ओळखीचं वाटलं ते पाकीट पाठवून दिलं. ओळखीचं होतं, कारण ते जुनं होतं.

पाकिटं छापून आली, भरली गेली, दुकानांत पोचली. मग हिंगणघाटच्या एका दुकानदाराने आमच्या भाऊंना विचारलं, सेंद्रिय लिहिता, तर कागद दाखवा. भाऊंनी तिथूनच सरांना फोन लावला.

पुढचा आठवडा दोघे भाऊ गावोगाव फिरून तीच पाकिटं परत उचलत होते. हिंगणघाट, अल्लीपूर, पुलगाव. सगळा माल शेडमध्ये आला. पाकिटं कापायची, हळद पिंपात ओतायची, रिकामं पाकीट पोत्यात टाकायचं. मीही खाली जाऊन बसले. कुणी सांगितलं नव्हतं. नाकात, केसांत, जेवणाच्या डब्यात हळद. शेजारची म्हणाली, “साहेबीन खाली कशी काय आली आज?” मी पुढचं पाकीट कापलं. नखं कितीतरी दिवस पिवळी राहिली.

मालक सहसा वर येत नसत. त्या दिवशी आले. सरांनी सगळ्यांना टेबलाभोवती उभं केलं.

“फाइल कोणी पाठवली?”

मी पुढे यायला हवं होतं. तेवढ्यात ताई म्हणाल्या, “पाठवली हिनं. पण सांगितली मी. मी घरी होती, हिनं मले फोन केला, मी म्हटलं वरून तिसरी पाठव. माह्याच लक्षात चुकलं.”

मी त्यांना फोन केला नव्हता. त्यांनी मला काही सांगितलं नव्हतं.

“तुम्ही सांगितली?” सरांना पटत नव्हतं. “तुमच्याच हातचं लेबल, आणि तुमच्याच लक्षात नाही?”

“सहा-सहा फायनल करता तुम्ही. लक्षात राहीन तरी कसं?”

मालकांनी ताईंकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, “ठीक आहे.” त्या ‘ठीक आहे’मध्ये काही ठीक नव्हतं, हे मलाही कळलं. त्या दिवसापासून लेबलचं काम ताईंकडून काढलं. सणावाराच्या शुभेच्छांची चित्रं तेवढी त्यांच्याकडे राहिली.

संध्याकाळी जिन्यात मी त्यांना गाठलं. रडू आवरत नव्हतं.

“काऊन वं, बह्याडासारखी रडून राह्यली?” ताई म्हणाल्या. “तुले काढलं असतं त कुठं गेली असती? मी पवनारची, माह्यं घर आहे, नवरा आहे, शेत आहे. मले काढून काढून काय काढतीन?”

“पण ताई, तुम्ही खोटं...”

“चूप बस. एक सांग, तुले ते नाव वाचता येत नाई ना?”

मी मान डोलावली. त्यांनी खांद्यावरची पिशवी सावरली. मग म्हणाल्या, “उद्यापासून जेवणाच्या सुट्टीत माह्याजवळ बसजो. डबा घेऊन येजो.”

मालकांनी आता फाइलींसाठी चांगली सिस्टम घ्यायचंच असं सांगितलं होतं. सरांनी तीन निवडल्या. तिन्ही महिनाभर फुकट वापरून बघायच्या आणि मग एक ठरवायची. वापरून बघायचं काम माझ्यावर आलं, कारण फाइली माझ्याकडे. मला धडकीच भरली. पहिली उघडली तर चित्रंच नाहीत, नुसत्या नावांच्या ओळी. दुसरीत चित्रं होती, पण चारही बाजूंनी इंग्रजी बटणं. तिसरीत काय होतं ते मी भीतीने बघितलंच नाही.

मग सुट्टीत ताईंची शाळा. ए, बी, सी नव्हे. त्या म्हणायच्या, “तुले जेवढं लागते तेवढंच शीक.” अप्रूव्ड, ओल्ड, फ्रंट, बॅक, अपलोड. कागदावर लिहून द्यायच्या, मी माझ्या भाड्याच्या खोलीत भिंतीवर लावायचे. मधेच त्या म्हणायच्या, “आता सांग, ही सिस्टम तुह्या कामाची आहे का नाई? सगळे म्हणतीन भारी आहे. पण शोधायचं तुले आहे.” आणि काय काय बघायचं ते त्याच एकेक करून सांगायच्या, मी लिहून घ्यायचे. मंजूर झालेली एकच फाइल वर दिसते का, जुन्या आपोआप मागे जातात का. सरांचा अंगठा त्या फाइलीवरच बसतो का, की तो पुन्हा ग्रुपवर शोधायचा. दुकानात उभ्या भाऊला मोबाइलवर, कमी रेंजमध्ये, फाइल उघडते का. छापखान्याला फक्त हळदीची द्यायची असेल तर बाकीचं झाकता येतं का. आणि मराठीत ‘हळद’ लिहिलं तर हळद सापडते का.

हा शेवटचा प्रश्न सिस्टम विकणाऱ्यांच्या व्हिडिओ कॉलमध्ये मी विचारला; नमुन्याला आमच्या हळद-मिरचीच्या फाइली, कुठली मंजूर ते सांगून, त्यांना आधीच दिल्या होत्या. पहिल्या सिस्टमवाल्याने ‘हळद’ लिहिलं, काहीच आलं नाही. तो म्हणाला, नावं इंग्रजीत ठेवा ना. दुसऱ्याने लिहिलं, तर आमची मिरचीची पाकिटं आली. तिसऱ्याने लिहिलं, तर सहा पिवळी पाकिटं आली, आणि त्यातल्या पाचांवर आडवी करडी पट्टी, जुनी म्हणून. उघडायचं म्हटलं तरी सिस्टम आधी विचारत होती, नक्की का.

सर माझ्याकडे वळून म्हणाले, “हे प्रश्न तू काढले?”

मी ताईंकडे बघितलं. त्यांनी भुवई उडवली. मी म्हटलं, “हो.” तेही खोटंच.

मग त्या माणसाने मोठ्या हौशीने शेवटची गोष्ट दाखवली. कुठली फाइल कुणी टाकली, कुणी बदलली, कुणाच्या होकाराने कुणी काढून कुणाला पाठवली, दिवस आणि वेळेसकट. सगळी यादी. पुसता येत नाही. सर खूश झाले. “हे पाहिजे होतं आपल्याला,” म्हणाले.

ताई हसल्या. “म्हणजे आता कोणी कोणाचं आंगावर घेऊ शकत नाई.”

सगळ्यांना गंमत वाटली. मला नाही. ही यादी तेव्हा असती तर तिच्यात ताईंचा होकार दिसला नसता, त्यांचं बोलणं एका मिनिटात उघडं पडलं असतं, आणि मी आज भामरागडला असते. आम्ही निवडलेली सिस्टम खरोखर चांगली आहे. त्यानंतर एकही चुकीचं लेबल छापायला गेलं नाही. पण एका माणसाने दुसऱ्यासाठी जे केलं, त्याला तिच्यात जागा नाही, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं.

जुन्या फाइली नव्या सिस्टममध्ये चढवायचं काम ताईंनी आणि मी केलं. आठवडे गेले. कुठलं मंजूर, कुठलं जुनं, हे फक्त त्यांना माहीत. एकेक फाइल त्या सांगायच्या, मी नाव द्यायचे. मराठीत, आधी वस्तू, मग वजन, मग मंजुरीचा महिना. शेवटची फाइल चढली त्याच्या पुढच्या महिन्यात सरांनी ताईंना सांगितलं की लेबलं आता नागपूरच्या एका एजन्सीकडे देतोय, शुभेच्छांपुरतं माणूस ठेवायला मालक तयार नाहीत. फाइली आता कुणालाही सापडत होत्या. ताईंना विचारायची गरज उरली नव्हती. ती गरज आम्ही दोघींनीच, जेवणाच्या सुट्ट्या घालून, संपवली होती.

त्यांनी खुर्चीवरची उशी पिशवीत टाकली आणि मला म्हणाल्या, “बरं, येतो. नीट राहजो.” मी बसस्टॉपपर्यंत गेले. सरांना खरं सांगेन म्हणून त्याच दिवशी दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आले होते. दोन्ही वेळा फाइलीचंच काहीतरी विचारून परतले.

मागच्या एका रविवारी पवनारला गेले. ताई आता घरून लग्नपत्रिका आणि बॅनर करतात. काम कमी आहे. कॉम्प्युटर बारका, त्यावर पुन्हा फायनल, फायनल न्यू. मी म्हटलं, ताई, तुम्हीच असं?

“मले कोण विचारते आता, कोणती फायनल म्हणून?” त्या म्हणाल्या. हसून म्हणाल्या, पण चहा ठेवायला उठल्या तेव्हा बराच वेळ आतच थांबल्या.

मी विषय काढला. म्हटलं, मी सरांना सांगते, अजूनही सांगते.

“सांगून काय होते आता? मी परत येणार आहे का? तुही नोकरी जाईन तेवढी. खा बिस्कुट.”

मी बिस्किट खाल्लं. खरं सांगायचं तर त्यांनी नको म्हटल्याचं मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच बसमध्ये सगळा वेळ लाज वाटत राहिली.

यंदा मी दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. इंग्रजीची भीती आहे, गणिताची तर विचारूच नका. पण पास झाले तर या ऑफिसाबाहेरही मला कुठे तरी उभं राहता येईल, एवढा आधार हवाच आहे मला, त्याशिवाय माझं तोंड उघडणार नाही, हे मी ओळखून आहे. ताई, हे तुम्ही वाचाल की नाही माहीत नाही. एक दिवस मी मालकांना वर बोलावीन, सरांना बोलावीन, आणि त्याच टेबलाशी उभी राहून सांगेन की ती हळदीची फाइल मी एकटीने निवडली, एकटीने पाठवली, आणि प्रश्न मात्र सगळे तुमचे होते. तुमचं काम त्याने परत येणार नाही. पण तुमच्या नावावर लागलेली माझी चूक मी परत घेईन. हे तुमचं देणं आहे माझ्यावर, आणि मी ते फेडीन.