तीन मिनिटांचा ओटीपी

तीस वर्षं मी गणिताचा मास्तर होतो, आणि कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मला सहा आकडे लिहिता येत नाहीत अशी अख्ख्या विट्यात बोंब झाली.

चूक माझीच. माझा मुलगा प्रताप कोइमतुरात सोनं गाळायचं दुकान चालवतो. (आमच्याकडे घरटी एक मुलगा असा लांब कुठेतरी सोनं गाळतो आणि म्हातारी माणसं इकडे घर राखतात.) लशीसाठी नाव नोंदवताना मी माझ्याऐवजी त्याचा नंबर घातला. स्वतःचा मला पाठ नव्हता. स्वतःला कोण कशाला फोन करील? त्यामुळे बटण मी इकडे दाबायचं, ओटीपी तिकडे जायचा आणि प्रताप फोन करून सांगायचा. तीन मिनिटांत लिहिला नाही तर बाद!

पहिला ओटीपी चष्मा सापडेपर्यंत गेला, हे अगदी खरं. दुसरा आला, दुसरा फोन आला. एरवी त्याचा फोन रविवारी: जेवला का, गोळी घेतली का, ठेवतो. आता दुपारपर्यंत चार वेळा आवाज ऐकला! ही गेल्यापासून घरात कुकरशिवाय कुणी बोलत नव्हतं.

मग चष्मा रोजच हरवू लागला. पेनाची शाई संपली. सहाचा आकडा मी पाटीवर गिरवल्यासारखा काढू लागलो. तेवढ्यात नातीचा दात पडल्याचं कळायचं.

शेजारचे सुभेदार पहिल्या दमात लस टोचून आले. "मास्तर, आमच्या पोरास्नी पाढं तुमीच शिकीवलं न्हवं?" म्हणाले. आठव्या दिवशी त्यांनी परस्पर प्रतापला कळवलं, वडिलांचं डोकं तपासून घे.

आणि मी बटण न दाबताच प्रतापचा फोन आला. मला धडकी भरली. आता हा नंबर बदलायला लावणार, आणि पुन्हा आपला रविवार.

"आप्पा, तुमचं बुकिंग मी मंगळवारीच इकडनं केलंय. उद्या धा वाजता तुमच्याच शाळेत जावा."

"मग रोज ओटीपी कशाला सांगत होतास रं?"

"तुमी मागत व्हता म्हणून. आन् दुकान बंद हाय, आप्पा. दिवस मला बी सरत न्हाई."

लस घेतली. दंड दोन दिवस दुखला, फोन चार दिवस गप्प होता. पाचव्या दिवशी सुभेदारांकडून कळलं की लशीचं प्रमाणपत्र काढायलाही ओटीपी लागतो.

त्या प्रमाणपत्राला आता कुत्रंही विचारत नाही. मी मात्र काल सत्तेचाळिसाव्यांदा काढलं. (वाया घालवलेले ओटीपी यात धरलेले नाहीत!)